खालून लागणारा जॅक

गाडी जमिनीला टेकवून आजवर कुणाचं भलं झालंय? पण माझ्या नवऱ्याला, निषादला, ती लाल स्पोर्ट्स कार आणखी चार बोटं खाली आणायची हौस. पौड सोडून माझ्या माहेरच्या, माल्याच्या, रस्त्याला लागलो आणि ऐन ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर पुढचं चाक पंक्चर. गाडी सपशेल बसली. तिचा स्वतःचा जॅकही तिच्याखाली शिरेना.

माझा जीव टांगणीला लागला होता. लग्नाला दोन वर्षं झाली, पण माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निषादचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. 'तो लातूरचा', एवढंच. आज आईच्या खटपटीनं पहिल्यांदा जेवायला बोलावणं आलं. अण्णांचा निरोप माझ्या भावानं, साहिलनं, जसाच्या तसा कळवला होता, "पंगत बसायच्या आत आली तर आली, न्हाईतर पुन्ना न्हाई." मीही त्यांचीच लेक. येईन तर नवऱ्यासोबतच, असं ठणकावून सांगितलं होतं. घ्या आता.

एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याचा जॅक दिला. तो तर गाडीपेक्षा उंच. मागं अडकलेल्या टेम्पोवाल्याचा त्याहून उंच. गाडी तशीच टाकून जावं तर मोरी अडलेली. मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

"स्नेहल, जरा शांत बस ना," गाडीशेजारी आडवा पडलेला निषाद म्हणाला.

"तू बस. तुझी गाडी तर बसलीच आहे."

शेवटी साहिलला फोन लावला. उचलला अण्णांनी. एका दमात बोलून टाकलं, "अण्णा, पौडच्या पुढं अडकलोय. जॅक पाहिजे, लगेच."

"कुनाचा?"

"कुणाचाही चालेल. मोठा नको, खालून लागेल असा."

फोन बंद झाला. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच आलं.

थोड्या वेळानं पोलिसांची गाडी येऊन थांबली. हवालदार उतरले. "अण्णासाहेबांचे जावई कोण?"

निषादनं पडल्या पडल्या हात वर केला.

"आमच्या साहेबांना अण्णासाहेबांचा फोन होता. माझ्या जावयाला धरलंय, सोडा म्हणाले. पण आम्ही तर कुणाला धरलेलंच नाही."

अण्णा 'जावई' म्हणाले. याच एका शब्दासाठी दोन वर्षं झुरत होते मी. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे जॅक लावायचा म्हणजे वशिला लावायचा. माजी सरपंच असलेल्या अण्णांना दुसरा कुठला जॅक ऐकू येणार?

तेवढ्यात साहिलच्या मोटरसायकलवरून अण्णा आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. त्यांनी चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यो जॅक व्हय?"

"हो."

हवालदार तोंड फिरवून हसायला लागले. अण्णांचे कान लाल झाले. आता हे आल्या पावली परत जाणार, असंच मला वाटलं. त्यांनी बाह्या वर सारल्या. साहिल, टेम्पोवाला, हवालदार, सगळ्यांना हाताशी घेऊन गाडीची पुढची बाजू उचलून धरली. निषादनं झटक्यात जॅक सरकवला.

अण्णा त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "पुढल्या बारीला येष्टीनं या."

चाक बदलून घरी पोचेस्तोवर उन्हं कलली होती. पंगत उठली असणार, असं धरूनच मी उंबरा ओलांडला. तर सगळे ताटकळत बसलेले. आई कानाशी येऊन म्हणाली, "तुजं अण्णा जाताना बजावून गेलं, जावई आल्याबिगर पान वाढायचं न्हाई."