बहात्तर नंबरचं क्लॅरिनेट

तानाजी पिसाळने मानपाडा रोडवर, भर वरातीत, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बँड सोडला. क्लॅरिनेट काखेत मारलं, मुंगीच्या पावलांनी चाललेल्या टेम्पोवरून तो खाली उतरला आणि वरातीच्या शेपटातून बाहेर पडून रिक्षा स्टँडवर जाऊन उभा राहिला. सव्वीस वर्षांचं वाजवणं असं संपलं.

पण क्लॅरिनेट वाजतच राहिलं. नवरदेव घोड्यावर तसाच घामाघूम, करवल्या तशाच नाचत. कोणी मागे वळून पाहिलं नाही. वाद्य वाजतंय म्हटल्यावर वाजवणारा गेला असं म्हणणार तरी कोण? तेव्हा असं काही झालंच नाही, असं धरून चालू. बँडचा मालक साईनाथ आजतागायत तसंच धरून चालला आहे.

साईनाथ आणि तानाजी कळव्याच्या एकाच चाळीत वाढले, एकाच इयत्तेत नापास झाले. साईनाथने ढोल धरला, तानाजीने क्लॅरिनेट. पुढे साईनाथने ‘न्यू ओरिजिनल ब्रास बँड, कळवा’ काढला. तो न्यू असूनही ओरिजिनल कसा, हे त्याला अद्याप कोणी विचारलेलं नाही. तानाजी एरवी मानपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. तिथे खोक्यांना चिकटपट्टी लावायची आणि लग्नसराईत रजा टाकून वाजवायचं, असा त्याचा संसार. कारखान्यात त्याला लोक ‘ए पॅकिंग’ म्हणायचे. लाल कोट चढवला की ‘क्लॅरिनेटवाले’ म्हणायचे, आणि ‘अहो’ लावायचे. रजा त्या ‘अहो’साठी असायची.

दोन वर्षांपूर्वी साईनाथने कीबोर्ड आणला. साधा नव्हे, वर्कस्टेशन. त्यात एकदा गाणं वाजवून ठेवलं की कुठली पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली, ते सगळं तसंच्या तसं राहतं. मग ते कोणत्या वाद्याच्या आवाजात ऐकायचं, तो नंबर दाबायचा. क्लॅरिनेट बहात्तर नंबरला.

“तू फक्त वाजवून ठेव रे,” साईनाथ म्हणालेला. “उद्या तू आजारी पडलास तर? पार्टीला काय सांगू, आमच्या तान्याला जुलाब लागलेत?”

तानाजीला बरं वाटलं. त्याच्या जुलाबांची इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती. भजनात पेटी वाजवायचा, त्यामुळे पट्ट्यांची सवय होतीच. तीन महिने दर रविवारी साईनाथकडे बसून त्याने एकसष्ट गाणी त्या यंत्रात भरली.

अडचण एकच झाली. तानाजी आजारी पडेना. आख्खा सीझन गेला, साधी शिंक नाही. शेवटी साईनाथने वाट बघणं सोडलं आणि तो धडधाकट असतानाच बटण दाबलं. फुंकू नको, दोन आवाज आले की क्लॅश होतो, असं त्याने समजावलं. पण उभा मात्र राहा, लोकांना माणूस दिसायला लागतो.

तानाजी उभा राहिला. ओठाला क्लॅरिनेट, बोटं बरोब्बर. त्याला हे सहन झालं, यामागे एक कारण होतं, आणि ते त्याने बायकोला, नंदालासुद्धा सांगितलं नव्हतं. कीबोर्डला श्वास लागत नाही. पण गाणी भरताना तानाजी जिथे क्लॅरिनेटवर श्वास घेतो, तिथे तिथे सवयीने बोटं उचलत गेला होता. एकसष्ट गाण्यांत तेवढ्या बारीक रिकाम्या जागा राहिल्या. सूर यंत्राचा, पण दम तानाजीचा. त्या जागा आल्या की तो श्वास घ्यायचा, आणि आपणच वाजवतोय असं त्याला खुशाल वाटायचं.

मग नंबर बदलायला लागले. कल्याणच्या एका पार्टीला सॅक्सोफोन हवा होता, साईनाथने सदुसष्ट दाबलं आणि शोभेचा सॅक्सोफोन तानाजीच्या गळ्यात अडकवला. डोंबिवलीच्या एका साखरपुड्याला व्हायोलिन हवं होतं. तानाजी हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभा राहिला, आणि व्हायोलिन, ज्याला फुफ्फुसं नसतात, ते ओळीओळीला दम खात होतं. कोणाला काही कळलं नाही. तानाजीला कळलं.

कळव्याच्या एका हळदीत तर उन्हामुळे स्क्रीन दिसेना आणि साईनाथकडून एकशे सव्वीस दाबलं गेलं. तिथे हेलिकॉप्टर असतं. ते तिथे का असतं, हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक. पाहुण्यांनी आधी वर पाहिलं, मग नाचायला लागले. हेलिकॉप्टर धृपदाच्या शेवटी श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा उडायचं. तानाजीने इमानदारीत बोटं हलवली. नवरीच्या मामाने तेच गाणं आणखी दोनदा लावून घेतलं.

घरी नंदाने विचारलं, “आज काय होतात?”

“हेलिकॉप्टर.”

“हात धुवा,” ती म्हणाली आणि तिने ताट वाढलं.

मग आली मे महिन्यातली ती मानपाडा रोडची वरात, जी झाली नाही असं आपलं ठरलं आहे. त्या पार्टीला क्लॅरिनेटच हवं होतं. साईनाथने बहात्तर दाबलं. फार दिवसांनी आपलं वाद्य आणि आपला आवाज एकाच ठिकाणी, म्हणून तानाजी जरा ताठ उभा होता. गाणं संथ होतं. पहिली ओळ संपली, तानाजीने ओठ सोडवून श्वास घेतला.

क्लॅरिनेट थांबलं नाही.

दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. त्याचं तोंड उघडं, आणि आवाज चालूच. एका करवलीने ते टिपलं आणि मैत्रिणीला कोपराने ढोसलं. “ए तो बघ, अंकल नुसती ॲक्टिंग करतायत.” तीन-चार मोबाइल वर झाले.

तानाजीने पुढच्या ओळीला ओठ सोडवले नाहीत. त्याच्या पुढच्या ओळीलाही नाहीत. नाकाने श्वास घेता आला असता, हे त्याला नंतर रिक्षात सुचलं. सव्वीस वर्षं श्वास घ्यायचा तो रिकाम्या जागी, एवढा एकच कायदा त्याच्या छातीला माहीत होता. अख्खं कडवं त्याने बिनश्वासाचं काढलं. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तो वाकून साईनाथच्या कानाशी गेला आणि मधले गॅप कुठे गेले असं विचारलं.

साईनाथने स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं की गाणं अटकतं अशा कम्प्लेंटी येत होत्या. डोंबिवलीत कीबोर्ड शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, हेमांगी म्हणून. त्यांच्याकडून सगळी एकसष्ट क्लीन करून घेतली.

“ते श्वास होते, साई.”

“कुणाचे?” साईनाथने विचारलं.

चेष्टा नव्हती. त्याने खरंच विचारलं होतं. जन्मभर ढोल वाजवलेला माणूस. ढोलाला श्वास लागत नाही.

यापुढे जे झालं, ते झालं नाही.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. तानाजी इस्त्रीचा शर्ट घालून हेमांगी मॅडमच्या क्लासला गेला. त्यांनी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “काका, मला खरंच कल्पना नव्हती. मला वाटलं, वाजवणाऱ्याचा हात कच्चा आहे. म्हणून मी प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत ओढून घेतला.” जुनं परत आणता येईल का, असं त्याने विचारलं. त्याच्यावरच सेव्ह केलंय, आता जुनं कुठेच नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही पुन्हा वाजवा, मी भरून देते, असंही म्हणाल्या. तानाजी म्हणाला, नको, ते मी आजारी पडल्यावरसाठी होतं. अशा एकूण किती जागा होत्या, तेवढं मात्र त्याने विचारून घेतलं. मॅडमनी दुरुस्तीसाठी तेव्हा यादी केली होती. चौदाशे बावीस.

घरी येऊन तो लिहायला बसला. रजेच्या अर्जाखेरीज त्याने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे हेही त्याच चालीवर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने कागद साईनाथच्या हातात दिला. साईनाथने घडी न उघडता तो कीबोर्डच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला आणि म्हणाला, “कुठे असतोस हल्ली? शनिवारी कल्याणला बासरी आहे. कोट इस्त्री करून ये.”

कागदावर होतं ते असं :

प्रति,
मा. मालकसो,
न्यू ओरिजिनल ब्रास बँड, कळवा.

विषय : श्वास परत मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयी अर्ज करतो की, आपल्या ताब्यातील एकसष्ट गाण्यांमधील चौदाशे बावीस श्वास अर्जदाराचे असून ते चूक समजून भरण्यात आले आहेत. सर्व परत मिळावेत असा अर्जदाराचा आग्रह नाही. तथापि नवरीच्या पाठवणीच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीआधी एक जागा रिकामी करून मिळावी. तेथे अर्जदार नेहमी थोडा जास्त थांबत असे. सदर गाणे त्यानंतर कोणत्याही नंबरात वाजविल्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही.

तरी अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
तानाजी पिसाळ
(क्लॅरिनेट)