अजून दोन पानं

"अगं, टक्कल करायचंय का वेलीचं?"

नवरा खिडकीबाहेर स्टुलावर उभा, हातात कात्री, मानेवर मुंग्या. आत काचेला नाक लावून ती. तिनं पाटीवर लिहिलं, 'अजून दोन पानं,' आणि 'दोन'खाली कचकन रेघ ओढली.

"आत्ता तरी दिसतंय का?"

दिसत होतं. सगळंच दिसत होतं. वाटीएवढं घरटं आणि त्यात बुलबुलाची तीन उघडीनागडी पिल्लं, नुसत्या चोची वर करून. ती इतकी हसली, म्हणजे हसण्यासारखं तोंड केलं तिनं. आवाज कुठला यायला!

आता बघा, ही बाई म्हणजे बसस्टँडची अनाउन्सर. बावीस वर्षं! लोक घड्याळ बघायचे नाहीत, हिचा आवाज ऐकून पळायचे. आणि नेमकं गळ्यातच निघालं काहीतरी. ऑपरेशन झालं, गाठीबरोबर आवाजाची पेटीही गेली, मानेला श्वासापुरतं भोक राहिलं. त्यात धूळ जायला नको म्हणून नवऱ्यानं खिडकी चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करून टाकली. दवाखान्यातून टॉर्चएवढं एक मशीन मिळालेलं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे. तिनं एकदाच लावून बघितलं. पत्र्याच्या डब्यात कोणी कोंडून ठेवल्यासारखा आवाज आला. मशीन गेलं ते थेट कपाटात.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा घरात माझा आवाज वरचढ झालाय," नवरा म्हणायचा.

ती लिहायची, 'मजा करून घ्या.'

पण खरं सांगायचं तर पुढं पुढं तिनं अंथरूणच धरलं होतं. जेवण नाही, काही सांगणं नाही, पाटीसुद्धा उलटी ठेवलेली. मग बुलबुल आले आणि ही उठून बसायला लागली. नवऱ्यानं ताट आणलं की लिहायची, 'आधी त्यांचं होऊ दे.' त्यांच्या खेपा संपल्या की मगच हिचा घास. म्हणून तर तो माणूस गुडघे दुखत असताना स्टुलावर चढला ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या मानेच्या भोकावर लावायची जाळी आणायला औषधाच्या दुकानात गेला. आणि कावळा आला.

आधी गजावर बसला. मान तिरकी करून त्यानं बघितलं ते बरोबर त्या कापलेल्या फटीतून. जिथून तिला दिसायचं, तिथूनच!

तिनं काचेवर थापा मारल्या. कावळ्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि घरट्यावर बसलेली आईच दचकून उडाली. पहिलं पिल्लू गेलं. ती चिकटपट्टी ओरबाडायला लागली, नखं मोडली, पट्टी काही निघेना. तोंड उघडून ती ओरडत होती आणि मानेच्या भोकातून नुसती फसफस हवा. कावळा परत आला. दुसरं गेलं.

ती कपाटाकडे धावली. मशीन गळ्याला दाबलं, इतकं दाबलं की वळ उठला.

"जा! जा! जा!"

सपाट, घरघरणारा, पत्र्याचा आवाज. रागही नाही त्यात, रडणंही नाही. कावळ्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिसरं उचललं.

फाटकाशी आलेल्या नवऱ्यानं तो आवाज ऐकला, जाळीचं पुडकं टाकून धावत आला, तेव्हा ती जमिनीवर बसलेली. पाटीवर एकच ओळ. 'पानं मी काढायला लावली.'

"अगं, कात्री माझ्या हातात होती," तो म्हणाला.

तिनं नाही म्हणून मान हलवली. दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. त्यानं वाटी ओठांना लावली, तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी दोघं बुलबुल आले. एकाच्या चोचीत हिरवी अळी. तो घरट्याच्या काठावर बसला, आत वाकला, गजावर गेला, परत काठावर. परत वाकला.

नवरा पडदा ओढायला उठला. तिनं त्याचा हात धरला. दुसऱ्या हातानं मशीन उचललं, गळ्याला टेकवलं आणि पाठ ताठ केली. स्टँडवर माइकसमोर बसायची तशी.

"होणाऱ्या गैरसोयीबद्दल," एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "आम्ही दिलगीर आहोत."

बुलबुल काठावरच बसून होता. चोचीतली अळी अजून हलत होती.