चेंबर लागतं म्हणून

निरंजन चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारे सुटे भाग तपासायचं काम करायचा. म्हणजे कंपनी त्याला संशय घेण्याचा पगार द्यायची. हे काम त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी आलेली कोथिंबिरीची जुडीही तो आधी उलटी करून बघायचा.

अशा माणसाने पस्तीस वर्षं जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेतली. गाडी देखणी होती आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली होती. सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली, तर आत कुणी आहे का हे रिक्षावाला वाकून बघायचा. तिचा सगळा जीव पोटाखालच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनचं तेल राहतं त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात होता. मोशीतल्या स्पीडब्रेकरनी ते दोनदा फोडलं. दापोडीच्या गॅरेजवाल्या धम्मपालने दोन्ही वेळा वेल्डिंग करून दिलं. दुसऱ्या वेळी हात पुसत तो म्हणाला की आता यात धातूपेक्षा वेल्डिंग जास्त झालंय, पुन्हा फुटलं तर आणू नका. आणि नवं चेंबर जगात कुठे मिळालंच तर मलाही फोटो पाठवा.

तेव्हा निरंजनने एक रीत बसवली. स्पीडब्रेकर आला की गाडी थांबवायची. शेजारी बसलेल्या बायकोने, जयमालाने, उतरायचं. मग गाडी तिरकी करून एकेक चाक वर चढवायचं आणि पलीकडे जयमालाने परत बसायचं. ती उतरली की गाडी दोन बोटं वर यायची. निरंजनने पट्टी लावून मोजलं होतं. एरवी जयमाला तळेगावच्या नोकरीला स्वतःची साधी गाडी चालवत जायची. रविवारी मात्र ती चांगली साडी नेसून लाल गाडीत बसायची आणि उतरायची. त्या सीटवरून उठणं म्हणजे पंगतीतून जेवून उठण्यासारखं. ती कधी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाही निरंजनला थोडा संशय होता, पण सध्या हातात दुसरी चौकशी होती.

स्पीडब्रेकर वाढत होते. घरापासून हायवेपर्यंतच्या आळीत दिवाळीला दोन होते, होळीपर्यंत सात झाले. कसे होतात हे सगळ्यांना माहीत होतं. मोशीत रोज कुठेतरी टॉवर उभा राहत असतो. तिथून परतणाऱ्या काँक्रीट मिक्सरच्या पोटात थोडा माल उरलेला असतो, आणि ड्रायव्हरला चहा पाजला की तो म्हणाल तिथे ओतून देतो. आळीत ठरल्या दिवशी पूर्ण होणारं सार्वजनिक काम एवढं एकच. प्रश्न होता, का.

निरंजनचा पहिला संशय कोंडीरामवर. त्याची चहाची टपरी होती, गाड्या हळू झाल्या की गिऱ्हाईक थांबतं. पण खरा सूत्रधार यशवंतराव असणार. निरंजनची सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी होती, आणि जमिनीच्या पैशातून आलेली त्यांची गाडी एवढी उंच होती की त्यांना ब्रेकर आणि रस्ता यातला फरक कळत नसावा. पुरावेही जमत होते. प्रत्येक नवा ब्रेकर कुणाच्या तरी ओट्यासमोरच व्हायचा. ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचंच. लाल गाडी आली की बोलणं थांबायचं. यशवंतरावांच्या आई अंबुबाई हातातली पावट्याची शेंग तशीच धरून थेट त्याच्या तोंडाकडे बघायच्या. गाडी पुढे गेली की पुन्हा कुजबुज.

शेवटी एका शनिवारी दुपारी तो यशवंतरावांकडे गेला. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, जमिनीचे भाव सांगितले. मग खुर्ची जवळ ओढली.

"एक इचारू का, साहेब? रागावू नका. तुमचं आन् वहिनींचं काय बिनसलंय?"

निरंजन म्हणाला, काहीच नाही.

"मंग दर शंभर पावलांवर खाली का उतरवताय त्यांना?"

निरंजनने चेंबर सांगितलं. ॲल्युमिनियम सांगितलं, वेल्डिंग सांगितलं, दोन बोटं हाताने दाखवली. यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं, पोलीस ऐकून घेतात तसं.

"वहिनी बी हेच म्हणल्या. आमच्या आईनं इचारलं व्हतं त्यांना. त्या म्हणल्या, चेंबर लागतं. आई घरी येऊन म्हणली, बाई झाकून घेतीया."

मग बाकीचं उलगडलं. शिकलेला माणूस भर रस्त्यात बायकोला गाडीबाहेर काढतो, ती खाली मान घालून चालते, आणि तो पुन्हा तिला आत घेतो. हे दर रविवारी. आळीने ठरवलं की बाईला एकटं पडू द्यायचं नाही. हा जिथे उतरवील तिथे चार माणसं बसलेली पाहिजेत. म्हणून त्याला थांबावं लागेल अशा जागा ओट्यांसमोर तयार केल्या. जागा वाढल्या तशी जयमाला जास्त वेळा उतरू लागली, आणि प्रकरण आणखी गंभीर दिसू लागलं. इतकी काटेकोर देखरेख निरंजनला कंपनीतही कधी जमली नव्हती.

ब्रेकर काढा, असं तो म्हणाला.

"उद्या वहिनी गाडीतच बसून पार होऊ द्या. सोमवारी जेसीबी लावतो. न्हाई जमलं, तर आमी समजायचं ते समजू."

घरी त्याने जयमालाला सगळं सांगितलं आणि ती हसायची वाट बघितली. तिने एवढंच विचारलं, उद्या उतरायचं की नाही. तो म्हणाला, बघू.

रविवारी यशवंतरावांच्या घरासमोर सगळी आळी होती. गिऱ्हाईकच इकडे आलं म्हणून कोंडीरामही किटली घेऊन आला होता. ब्रेकरपाशी निरंजनने गाडी थांबवली. जयमाला समोर बघत बसून राहिली, हात मांडीवर. ती बसून राहिली तर चेंबर जाणार आणि गाडी कायमची संपणार. ती उतरली तर ब्रेकर दारापर्यंत येणार आणि गाडी घरातच संपणार. निरंजनने इंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूंनी विचार केला. मग दार उघडून तो स्वतःच उतरला.

"जया, तू घे."

ती सरकून स्टीअरिंगमागे बसली. चाक तिरकं घालून सावकाश पलीकडे गेली. काही लागलं नाही. दोन बोटं नव्हे, चांगली चार बोटं जागा राहिली, कारण दोघांत वजन त्याचंच जास्त होतं. हा हिशेब दिवाळीपासून उपलब्ध होता. फक्त त्यासाठी स्वतःला काट्यावर उभं करावं लागत होतं.

पलीकडे ती थांबली नाही. पुढचा ब्रेकर जवळच होता, तोही तिने तसाच ओलांडला. मग त्याच्या पुढचा. लाल गाडी लहान होत गेली. निरंजन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

अंबुबाईंनी येऊन त्याचा दंड धरला आणि त्याला सावलीत नेलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"मारती का रं तुला?"

निरंजन नाही म्हणाला. पण त्याआधी, चेंबर घासलं तर ऐकू यावं म्हणून, तो गाडीच्या दिशेने कान देऊन थोडा वेळ गप्प उभा होता. त्याचं हे गप्प राहणं सगळ्या आळीने पाहिलं. कोंडीरामने न मागता त्याच्या हातात चहा दिला. यशवंतराव मोबाइल काढून मिक्सरवाल्याचा नंबर शोधू लागले.