जिन्याची पाळी

आमची मैथिली सोमवारी सकाळी सव्वासातला शाळेत जायला निघाली. गुरुवार उजाडला तरी ती जिनाच उतरत होती.

चूक माझी. विद्यापीठात नोकरी लागली म्हणून आम्ही तिघं सांगलीहून जर्मनीत ट्युबिंगेनला आलो, त्याला महिनाही झाला नव्हता. चारशे वर्षांचं घर, आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथं जिना भाडेकरूंनी पाळीपाळीनं झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. सोमवारी ती आमच्या दाराला होती. नव्या घरात नाव खराब नको, म्हणून मैथिलीची पाठ वळताच मी वरून खाली झाडायला घेतलं.

"अगं, माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढतात का?" माझा नवरा, श्रीरंग, आतून म्हणाला.

"ही सांगली नाही," मी तोऱ्यात म्हटलं.

झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्याला मैथिलीपुढे एक पायरी वाढत गेली. मी खाली पोचले, पण वाटेत ती भेटली नाही. तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले दारात उभ्या होत्या.

"छान झाडलंत," त्या म्हणाल्या. "मुलगी अजून उतरतेय वाटतं."

मला तो जिना अठ्ठेचाळीस पायऱ्यांचाच लागायचा. उतरलं की रस्ता. मैथिली मात्र कठड्यावरून वाकलं की खोल खाली दिसायची, पिवळं दप्तर पाठीवर घेतलेली, हरभऱ्याएवढी. शाळेत फोन केला. "वाटेत असेल तर गैरहजेरी लागत नाही," बाई म्हणाल्या.

श्रीरंग दोरीला डबा बांधून खाली सोडायचा. दोरी पुरेना, तेव्हा त्याने तिला माझ्या साड्या जोडल्या. मी सहाच आणल्या होत्या. गुरुवारी सकाळी सहावी बांधली, तरी डबा तिच्या हाताला लागला नाही.

मग सुचलं, उलटं झाडायचं. खालून वर.

"मैथिली, मागे फिर! वर ये!"

"आणि शाळा?" फार खालून आवाज आला.

"वर ये म्हणते ना!"

मी रस्त्याच्या दारापासून सुरुवात केली. एक कोपरा सोडला नाही. फटकाऱ्यागणिक तिची पावलं जवळ ऐकू येऊ लागली. आमच्या दाराशी पोचले तेव्हा मला रडूच फुटलं, आणि त्या भरात मी हात थांबवला नाही. दारापुढची जागासुद्धा पार भिंतीपर्यंत झाडून काढली.

मैथिली आली. गाल लाल झाले होते, वेणी सुटली होती. श्रीरंगने दोन्ही हात पसरले.

"बाबा, बाजूला हो ना," ती म्हणाली.

"अगं, घर आलं," मी म्हटलं.

"अजून कुठे?"

मी तिचा दंड धरला. तो थंडगार होता.

"सोड ना आई. तूच म्हणालीस, वर ये."

तिने हात सोडवून घेतला आणि माझ्या बाजूने पुढे गेली. पुढे भिंत होती आणि तिच्यावर छप्पर. मी वळले. भिंतीपासून वर पायऱ्या गेल्या होत्या, स्वच्छ झाडलेल्या, आणि मैथिली तिसऱ्या पायरीवर होती.