एक डोळा उघडा

चौथीच्या बाईंनी सव्वीस वर्षांत वर्गासमोर कधी डोळे मिटले नव्हते. फळ्यावर लिहितानाही त्या तिरक्या उभ्या राहत, त्यामुळे अक्षरंही तिरकी येत. मुलांकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा सिद्धांत अनुभवसिद्ध होता. एकदा त्या नुसत्या शिंकल्या, तेवढ्यात एक डबा मागच्या बाकावरून पुढे जाऊन, रिकामा होऊन, परत जागेवर आला होता.

अशा बाईंच्या गळ्यात शाळेनं योग आणि ध्यानाचा तास अडकवला. प्रशिक्षणात सांगितलं, "आधी शिक्षकानं डोळे मिटायचे. मुलं बघून शिकतात." बाईंनी ते वहीत उतरवलं आणि वही मिटली.

"महिन्यानं तपासणी आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "नाही जमलं तर चौथी नव्या मॅडमना देऊ. तुम्ही आपल्या ऑफिसात बसा, पंख्याखाली."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते ऑफिस आलं. समोर चाळीस टाळकी नसतील, तर दिवसभर बघायचं कुणाकडे? त्या पंख्याकडे?

"अगं, मिट की डोळे," घरी नवरा म्हणाला. "झोपताना मिटतेसच ना?"

"झोपताना समोर भोंगा नसतो."

भोंगा म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी. तिची कुजबुज शेजारच्या वर्गालाही ऐकू जाई.

तास सुरू झाले. वृक्षासनात वर्गाचं जंगल झालं आणि मिनिटभरात जंगलतोडही झाली. ध्यानाला मात्र बाईंनी तोड काढली. एक डोळा मिटायचा, दुसरा ड्यूटीवर. तोही मुलांच्या हातांवर. कारण उद्योग करतात ते हात. महिनाभर एक हात हलला नाही. बाई स्वतःवरच खूश झाल्या.

तपासणीच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब बाईंच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. मुलं ध्यानाला ताठ बसली. साहेबांनी वर्गावर नजर फिरवली आणि ते दचकले. चाळीसच्या चाळीस मुलांचा एक डोळा मिटलेला, दुसरा टक्क उघडा.

"हा काय प्रकार?"

"असंच असतं, सर," भोंगा म्हणाली. "एका डोळ्यानं शांत व्हायचं, दुसऱ्यानं लक्ष ठेवायचं."

"कुणावर?"

"बाई आमच्यावर ठेवतात. आम्ही बाईंवर."

साहेबांचं पेन थबकलं. बाईंना ऑफिसातला पंखा गरगरताना दिसला. 'कुणी शिकवला रे हा चावटपणा?' असं दरडावायची सोय होती. पण त्या म्हणाल्या, "खरं आहे, साहेब. चूक माझी. मला डोळे मिटायची भीती वाटते."

बाईंनाही भीती वाटते, हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

भोंगा कुजबुजली, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं, "बाई, तुम्ही मिटा ना दोन्ही. आम्ही आहोत की. काही झालंच तर हाक मारू."

आता गमवायला उरलं होतं काय? बाईंनी दोन्ही डोळे मिटले.

बाक करकरलं. पेन्सिल गडगडत गेली. गेली चौथी, बाई मनात म्हणाल्या. मग कुणीतरी ती पेन्सिल उचलून अलगद ठेवली. मग काहीच नाही. नुसते चाळीस श्वास, त्यातला एक शेंबडा. सव्वीस वर्षं कानांशी चढून बसलेले बाईंचे खांदे आपोआप खाली उतरले.

त्यांनी डोळे उघडले, तर एकोणचाळीस मुलांचे दोन्ही डोळे मिटलेले. पहाऱ्यावर एकटी भोंगा, एक डोळा उघडा, ओठांवर बोट. ते बोट साहेबांसाठी होतं. त्यांनी कागद उलटायचा प्रयत्न केला होता.

साहेब चवड्यांवर बाहेर गेले. दाराशी मुख्याध्यापक घाम पुसत उभे होते.

"चौथी यांच्याकडेच राहू द्या," साहेब हळूच म्हणाले. "आणि माझं पेन आत राहिलंय."

"आणतो की."

"थांबा. बेल होईपर्यंत आत जायचं नाही. ती मुलगी बघते आहे."

बाईंनी ते ऐकलं. बेलला दोन मिनिटं होती. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, दोन्ही.