सापडली एकदाची गळती!

कनिष्ठ अभियंता सुनील नव्या पाणीमीटरांच्या प्रेमात आकंठ बुडाला होता. मीटर घराच्या पायरीशी आणि हा जीपमध्ये. गल्लीतून जीप फिरवली की हातातल्या यंत्रात घरोघरचे आकडे रेडिओलहरींवरून आपोआप यायचे. खाली उतरणं नाही, लोकांची बोलणी नाहीत. २००७ साली द्वारका चौकामागच्या गल्लीत हे मीटर बसवायला त्यानेच साहेबांच्या मागे लकडा लावला होता.

आता ते अंगाशी आलं होतं. गल्लीच्या तोंडाचं मोठं मीटर म्हणत होतं, पाणी धो धो आत जातंय. जीपमधल्या यंत्रात मात्र घरांचे आकडे महिनाभर शून्य. म्हणजे सगळं पाणी जमिनीत मुरतंय, असं ठरवून सुनीलने रस्ता खणायला काढला. तीन खड्डे कोरडे ठणठणीत निघाले. दुपारी साहेब पत्रकारांना घेऊन येणार होते. गळती सापडली नाही तर मीटर उखडायचे आणि सुनीलने पुन्हा जन्मदाखल्यांच्या टेबलावर बसायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"पाणी येतं का हो तुमच्याकडे?" त्याने खड्ड्यातूनच समोरच्या वत्सलाबाईंना विचारलं.

"लय येतं. रस्ता कशाला खांदताय?"

"यंत्र म्हणतंय, येत नाही."

"मग यंत्रालाच पाजा."

सुनीलने तोंड फिरवलं. बाईवर विश्वास ठेवायचा तर यंत्र कशाला घेतलं?

साहेब आले आणि त्याच क्षणी मजूर बुधाची कुदळ नेमकी पाइपात घुसली. कारंजं थेट साहेबांच्या चष्म्यापर्यंत उडालं.

"सापडली! गळती सापडली!" साहेब ओरडले. फोटो निघाले.

फुकटचं पाणी पाहून बायका पातेली घेऊन धावल्या. डोळे पुसत सुनीलने पाहिलं, तर एकही पातेलं स्वयंपाकघरातून येत नव्हतं. प्रत्येक मीटरवर पालथं घातलेलं जाड पितळी पातेलं तेवढं उचललं जात होतं, आणि हातातल्या यंत्रात घरामागून घर उमटत होतं.

"मीटर झाकले होते? म्हणून लहरी अडल्या!" तो यंत्राकडे बघत म्हणाला.

"उन्हापावसानं बिघडू नये म्हणून. सरकारी वस्तू हाय. मीच समद्यांना सांगितलं," वत्सलाबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या.

साहेबांनी यंत्रात डोकावलं. "बघा! गळती सापडली अन् हिशेब जुळला!" त्यांनी ओल्या सुनीलला मिठीच मारली.

मिठीतून सुटल्यावर तो वत्सलाबाईंच्या कानाशी लागला. "बाई, यापुढे झाकू नका. मीटरला मोकळी हवा लागते."

"आधी सांगायचं नाय का? महिनाभर जीपमधूनच हात हलवत जाताय."

सुनील कॅमेऱ्याकडे वळला आणि हसला.