लिंडरमान की हिनोसे

काचेच्या काउंटरवर दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवली होती आणि सत्यवतीला दोन्हींकडे बघवत नव्हतं. दोन्ही बोटभर लांबीची. डावीकडचं करडं, लांबोडकं, पेटीवर लिंडरमान कंपनीचं नाव. उजवीकडचं काळंभोर, लाल चाकांचं, अगदी घरच्यासारखं. पण ते होतं हिनोसेचं.

"काकू, सेम लोको हवा असेल तर हिनोसेच घ्या ना," स्वानंदी म्हणाली. ही मुलगी पुण्याची. आयटीतली चांगली नोकरी सोडून इथं बेंगळुरात इंदिरानगरच्या गल्लीत छोट्या आगगाड्यांचं दुकान घालून बसली होती. "लिंडरमाननं ते ब्लॅक मॉडेल कधीच बंद केलं. आणि खरं सांगू का, रनिंगला हिनोसे जास्त स्मूद आहे."

स्मूद असेल, नाही कोण म्हणतं? पण हे वाक्य तिच्या नवऱ्याच्या, वासुदेवरावांच्या कानावर पडलं असतं, तर ते दुकानाची पायरी उतरून पुन्हा त्या गल्लीत शिरले नसते.

वासुदेवरावांचा रेल्वेशी बापजन्मी संबंध नव्हता. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकुनी करण्यात गेली. घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरातलं, माणूस मवाळ. आमटीत मीठ नसलं तरी निमूट जेवून उठणारा. मात्र बनशंकरीच्या घरात पुढच्या खोलीत एका मोठ्या फळीवर त्यांनी रूळ, बोगदा, डोंगर, स्टेशन असं सगळं मांडलं होतं, आणि त्या फळीपाशी गेले की हाच माणूस वाघ व्हायचा. इंजिन घ्यावं तर जर्मन लिंडरमानचं, हा त्यांचा धर्म. त्यांचे मित्र दामोदर पक्के जपानी हिनोसेवाले. दर रविवारी दोघांचं वाजायचं. आत सत्यवती गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवत बसलेली असायची. आवाज फार चढले की ती मशीन जोरात चालवायची, म्हणजे ते कानावर यायला नको. जर्मन आणि जपानी कंपन्यांच्या भांडणात बनशंकरीतल्या बाईनं चहा तरी किती वेळा टाकायचा?

तेच भांडण आता तिच्या गळ्यात येऊन पडलं होतं.

झालं होतं असं. नवरात्राच्या सुरुवातीला वासुदेवरावांना मेंदूचा झटका आला. हलका होता, हातपाय वाचले, बोलणंही आलं. ते हॉस्पिटलात असतानाच आयुधपूजा आली. त्या दिवशी बेंगळुरात स्कूटरपासून मिक्सरपर्यंत कुंकू लागल्यावाचून काही राहत नाही. घरातल्या इंजिनाची पूजा वासुदेवराव स्वतः करायचे. काडीच्या टोकानं टपावर एक टिकली, संध्याकाळी ती पुसून टाकायची, झालं. ते त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही आणि सत्यवतीनं कधी वाकून पाहिलं नाही. यंदा ती एकटी. नवरा हॉस्पिटलात, म्हणून पूजा कशी जरा जास्तच मनापासून केली. दिराच्या स्कूटरच्या चाकांना लावतात तसं ओलं हळदकुंकू इंजिनाच्या सगळ्या चाकांना लावलं, रुळांनाही लावलं. मग आयुध चालतं करायचं म्हणून बटण फिरवलं. इंजिन चार बोटं गेलं आणि अडलं. आता अडलेल्या यंत्राला काय करतात हे शिलाईवाल्या बाईला कुणी सांगावं लागतं? तिनं मशीनचं तेल आणलं आणि पोटात सोडलं. कुंकवाचा आत लेप झाला. तिनं बटण पार शेवटपर्यंत पिळलं, तेव्हा जळका वास आला आणि बोगद्याच्या तोंडाशी धूर निघाला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दीर गुरुदत्त रोज भेटायचा, त्यालाही नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही करू नका. आणखीही काही म्हणाले होते, डोक्यातलं काय राहिलं, काय गेलं ते घरी गेल्यावर हळूहळू कळेल वगैरे. पण वासुदेवराव सगळ्यांना नावानिशी ओळखत होते, गुरुदत्तला गॅस आला का विचारत होते, तेव्हा तिनं ते मनावर घेतलं नाही. तिला भीती होती ती वेगळीच. एवढ्या दिवसांत त्यांनी गाडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ज्या माणसाला फळीकडे तोंड करून कोणी पंखा लावला तरी खपत नाही, तो विचारीत नाही म्हणजे त्याला संशय आलाय. नवऱ्याचा राग तिला ठाऊक होता. ते ओरडत नसत. बोलणं बंद करत. एकदा आषाढात दामोदरांच्या बाजूनं ती सहज काही बोलून गेली होती, तर गौरीगणपती येईपर्यंत घरात सगळा कारभार मुक्यानं चालला होता. आता या प्रकृतीत ते गप्प बसले आणि त्यातच पुन्हा काही झालं तर? जन्मभर ती स्वतःलाच खात बसली असती.

"काकू, डिसाइड झालं का?" स्वानंदीनं मऊपणे विचारलं.

करडं घेतलं तर दारातच सगळं कबूल करावं लागणार. काळं घेतलं तर कबूल करायला नको, पण ज्या नावाची त्यांनी जन्मभर टिंगल केली तेच त्यांच्या रुळांवर, त्यांच्याच घरात, बायकोनं लपवून आणून ठेवलेलं. सत्यवतीनं काळं इंजिन उलटं केलं. पोटावर बारीक उठावदार अक्षरांत हिनोसे लिहिलेलं होतं. हे खरवडून निघेल का, असं तिनं विचारलं आणि विचारता विचारताच तिचे कान तापले. स्वानंदी पेटीचं झाकण उगाच उघडझाप करत राहिली.

तेवढ्यात गुरुदत्तचा फोन आला. डिस्चार्ज लवकर मिळाला होता, गाडी हॉस्पिटलच्या बाहेर निघाली होती. अण्णा मजेत आहे, वैनी, स्वल्प भात टाकून ठेव, म्हणाला.

"हे द्या," सत्यवती म्हणाली आणि तिनं काळ्यावर बोट ठेवलं.

रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, उतरावं आणि परत जावं. प्रत्येक सिग्नलला वाटलं. रिक्षावाल्याला ती कानडीत लवकर चला म्हणत होती आणि मनात म्हणत होती, हा जरा हळू गेला तर बरं. पिशवीत हात घालून ती बोटानं ती अक्षरं चाचपत होती. संसारात खोटं ती बोललीच नव्हती असं नाही. साडीची किंमत, माहेरी दिलेलं काहीबाही, एवढं कोण बोलत नाही? पण त्यांच्या त्या फळीवर तिनं कधी खोटं ठेवलं नव्हतं.

घरी आली तेव्हा दारात गाडी नव्हती. कुकर चढवायचा सोडून ती पुढच्या खोलीत गेली. रूळ तिनं आधीच स्पिरिटनं पुसून ठेवले होते. इंजिन ठेवलं, पण चाकं रुळांवर बसेनात. रेशमी ब्लाउजच्या गळ्याला केसासारखी बारीक टीप घालणारे तिचे हात, त्यांना एवढंसं इंजिन सरळ ठेवता येईना. पुढची बसली की मागची सुटायची. फाटक वाजलं. गुरुदत्तचा आवाज आला, "सावकाश, अण्णा, पायरी आहे." शेवटी कसंतरी ते बसलं आणि ती पदराला हात पुसत दारात गेली.

वासुदेवराव वाळले होते, पण चालत आले. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. ते आत आले आणि सरळ पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर, फळीसमोरच बसले.

"बघ, वैनीनं तुझं स्टेशन कसं लखलखीत ठेवलंय," गुरुदत्त म्हणाला आणि औषधं लावून ठेवायला आत गेला.

"चालव बघू," वासुदेवराव म्हणाले.

तिनं बटण फिरवलं. इंजिन निघालं, आणि ते अगदी गुपचूप निघालं. जुनं टिकटिक करत जायचं. वासुदेवराव न्हाणीघरात असले तरी त्या आवाजावरून गाडी कुठल्या वळणावर आहे ते सांगायचे. इथं आवाजच नव्हता. बोगद्यात शिरलं, बाहेर आलं, स्टेशनवरून गेलं. ती रुळांकडे बघतच नव्हती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"छान चालते," ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. सुटले रे देवा, असं तिनं मनात म्हटलंसुद्धा. गाडीनं आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. आणि हळूहळू तिला काहीतरी सलायला लागलं. ते वाकले नव्हते. चष्मा कपाळावर चढवून, डोळा रुळाच्या पातळीवर आणून चाकांकडे बघितलं नव्हतं. वळणावर हळू कर, असं म्हटलं नव्हतं. खुर्चीला टेकून, दुसऱ्याच्या घरी दाखवलेला लग्नाचा अल्बम बघावा तसे ते बघत होते.

तिनं बटण पिळलं. डोंगराच्या वळणाला इंजिन सुसाट आलं, एका बाजूला कललं, पडता पडता राहिलं. असं कुणी केलं असतं तर पूर्वी ते ओल्या अंगानं न्हाणीघरातून धावत आले असते. आता ते हसले.

तिनं गाडी थांबवली. इंजिन उचललं आणि उलटं करून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"अहो, हे तुमचं नव्हे," ती म्हणाली. "तुमचं मी जाळलं. पूजेला चाकांत कुंकू भरलं, वर तेल ओतलं. हे हिनोसेचं आहे. वाचा."

त्यांनी डोळे बारीक करून ते नाव वाचलं. ती वाट बघत उभी राहिली. इतके दिवस ज्या रागाला ती भीत होती, तो राग आता यावा म्हणून तिनं श्वास धरला होता. बोलणं बंद करा, वाटल्यास महिनाभर करा, पण चिडा.

"असू दे गं, त्यात काय एवढं," वासुदेवराव म्हणाले. मग इंजिन जरा फिरवून बघत त्यांनी सहज विचारलं, "दोन्हींत फरक काय असतो?"

गुरुदत्त गोळ्यांची पुडी घेऊन दारात आला होता. तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि शिलाईचं स्टूल ओढून ती खुर्चीजवळ बसली.

"हे बघा," ती म्हणाली, "लिंडरमानचं पोट धातूचं असतं. वजन चाकांवर येतं, म्हणून चढाला ते घसरत नाही, डबे कितीही लावा. हिनोसेचं अंग हलकं. सपाटीला लोण्यासारखं चालेल, पण चढावर चाक जागच्या जागी फिरतं. दामोदर भावजी म्हणायचे, चाकाला रबराचं कडं घातलं की झालं. पण ते कडं झिजतं आणि रूळ मळतो, मग वीज पोचत नाही." तिचं तिलाच नवल वाटत होतं. एवढी मशीन बडवूनही सगळं कानांत जाऊन बसलं होतं, दामोदरांचे आक्षेप, यांची उत्तरं, पितळी दातेरी चाकांचा आवाज का येतो आणि का यावा, सगळं. बोलता बोलता तिचा आवाज चढला. वासुदेवराव लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच मान हलवत होते. एकदा त्यांनी, चढावर नेमकं कुठलं चाक घसरतं, असंही विचारलं आणि तिनं बोट ठेवून दाखवलं.

ती थांबली तेव्हा त्यांनी इंजिन तळहातावर जोखून पाहिलं.

"मग लिंडरमानच आणायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो, चुकलं माझं," सत्यवती म्हणाली. तिनं त्यांच्या तळहातावरून इंजिन उचललं, पदरानं पुसलं आणि पेटीत नीट आडवं ठेवलं. "उद्या सकाळी बदलून आणते."